उलट्या तोंडाची चिमणी

३ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून आधीच कान पकडते. फोन केला असता, पण तुझं ठरलेलं आहे. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं तरी पटत नाही. तेव्हा हे कागदावर.

शाळेत रुजू होऊन पंधरवडा झाला. माझी खोली तळमजल्यावर, जिन्याला लागून. खिडक्या इतक्या उंच आहेत की टाचा उचलल्याशिवाय मलाही रस्ता दिसत नाही. बुटके बाक, कोपऱ्यात हात धुवायचा नळ, नळाखाली बादली, कारण तो गळतो. मुलं पाच-सहा वर्षांची. पहिल्या दिवशी तिघं रडली आणि चौथी मी. ती तिघं गप्प बसली तरी माझं चालूच होतं. तेव्हा एक मुलगी उठून माझ्याकडे आली आणि म्हणाली, की बाई नाक पुसा, दुपारी घरी सोडतात. मी तिचं नाव वकीलीणबाई ठेवलंय. रोज कुणाचा ना कुणाचा खटला घेऊन येते आणि फी म्हणून खडू मागते. दुसरा एक पैलवान आहे, म्हणजे अंगावर मूठभर मांस नाही, पण दप्तरं चारजणांची उचलतो. आणि एक घुम्या. तो बोलतच नाही. हजेरीला नुसता हात वर करतो, तोही अर्धा.

निघताना तू माझ्या पिशवीत कोंबलेला तुझा चिमणीचा शिक्का मात्र कामाला आला. शेवटच्या तासाला ज्याचं लिहून पुरं झालं आणि ज्याने दंगा केला नाही, त्याच्या डाव्या हातावर चिमणी. जांभळ्या शाईची, उजवीकडे तोंड केलेली. त्या चिमणीसाठी पोरं काय वाट्टेल ते करतात. पालकांच्या भेटीला घुम्याचे वडील आले होते. त्यांचं बाजारात चष्म्याचं दुकान आहे. फार सभ्य माणूस, मला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. म्हणाले, की या शाळेत एवढी एकच गोष्ट शहाणपणाची झाली आहे. रोज संध्याकाळी पोराचा हात बघितला की कळतं, दिवस कसा गेला. मी अशी फुगले म्हणतेस. सगळं श्रेय तुझं आहे हे सांगायचं राहूनच गेलं.

गुडघ्यांना तेल लावत जा. अप्पा म्हणतात तू लावत नाहीस.

आहे तो लोभ राहू दे, आणि कानउघाडणीही.

तुझी,
टिटवी


१० सप्टेंबर

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. रडलीस हे वाचून आश्चर्य वाटलं नाही. लहानपणी तू रडायला लागलीस की शेजारचे घड्याळ लावायचे, म्हणून तर टिटवी. पण वर्गात पुन्हा रडू नकोस. मुलांना बाईंचं रडणं एकदा चालतं. दुसऱ्यांदा ती आपल्याला सांभाळायला लागतात, आणि ते त्यांचं काम नव्हे.

माझे गुडघे माझे आहेत, अप्पाला म्हणावं, धाकटा भाऊ आहेस, तू तुझा रक्तदाब बघ.

चिमणी कामाला आली हे बरं झालं. तीस वर्षं मी तिच्या जोरावर वर्ग चालवला आणि जन्मात कुणा पोरावर हात उचलला नाही, आवाजही चढवला नाही. पण तिचे काही नियम आहेत ते लिहून ठेव. ज्याने काम केलं त्यालाच चिमणी. बिचारा, गरीब, आजारी, गोड दिसतो, म्हणून द्यायची नाही. दयेपोटी एकदा दिलीस की दुसऱ्या दिवशी ती नुसती शाई उरते. तुझा स्वभाव पातळ आहे म्हणून बजावते. मुलं हा पातळपणा वासाने ओळखतात.

त्या घुम्याला बोलता करायच्या मागे लागू नकोस. घुमी मुलं वर्षाच्या शेवटी आपोआप बोलतात आणि मग गप्प करायला माणूस लागतं. त्याला लिहायला लाव. चष्मेवाले लक्ष घालतायत म्हणजे तुझं निम्मं काम झालं. असे बाप कुठे मिळतात. आमच्या वेळी बापांना मूल कितवीत आहे हेही ठाऊक नसायचं.

मी बरी आहे. पत्रं लांबलचक लिही, मला दिवसभर दुसरं काय आहे.

लोभ काही कमी व्हायचा नाही, तू काळजी करू नकोस.

तुझी,
आत्या


२४ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या भाचीने गुन्हा शोधून काढलाय.

घुम्याचं लिखाण कधी पुरं होत नाही. एक आकडा काढतो, खोडतो, पुन्हा काढतो. पस्तीस हा आकडा तर त्याच्या पाटीवर येतच नाही, चौतीसवरून उडी मारतो ती छत्तीसवर. तेव्हा नियमाप्रमाणे त्याला चिमणी नाही. वाईट वाटतं, पण तुझं पत्र आठवून मन घट्ट करते. आणि तरी परवा फाटकाशी बघते तर त्याच्या हातावर चिमणी. मला वाटलं, आपणच चुकून दिली असेल. काल पुन्हा. आज मी हात धरून नीट पाहिला. चिमणी फिकी होती आणि तिचं तोंड डावीकडे होतं.

मग शेवटच्या तासाला फळा पुसायचं नाटक करत लक्ष ठेवलं. पैलवानाने स्वतःच्या हातावरची ओली चिमणी जिभेने आणखी ओली केली आणि घुम्याच्या हातावर दाबून धरली. दोघांनी श्वाससुद्धा रोखला होता. वकीलीणबाई त्यांच्यापुढे दप्तर उघडून उभी, म्हणजे मला दिसू नये. हात उचलला तेव्हा पैलवानाची चिमणी पुसट झाली होती आणि घुम्याची उमटली होती, आरशात दिसते तशी उलटी. मग तिघांनी ती फुंकून वाळवली.

मला आधी हसू आलं. मग राग आला, की एवढीशी पोरं आणि माझ्या पाठीमागे कारखाना चालवतायत. गंमत म्हणजे रोज देणारा वेगळा असतो. पाळ्या लावल्यात त्यांनी. ज्याची पाळी त्याने त्या दिवशी काम लवकर संपवायचं, म्हणजे शाई ताजी मिळते. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, देव जाणे.

आता काय करू ते सांग. मोठ्या बाईंना विचारलं असतं, पण त्या मुख्याध्यापिका झाल्यापासून त्यांना पाच वर्षांचं मूल दिसतच नाही, एकदम पालकच दिसतात.

उत्तराची वाट बघते. लोभ वाढवला नाहीस तरी चालेल, उत्तर लवकर दे.

तुझी,
टिटवी


१ ऑक्टोबर

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

हसलीस तिथेच चुकलीस. लबाडी गोड दिसते तेव्हाच मुळाशी जायचं असतं. ही पोरं वाईट नाहीत, पण न केलेल्या कामाचं बक्षीस मिळतं हे त्या मुलाला शिकवतायत. अशाने तो जन्मभर दुसऱ्याच्या हातावरची शाई शोधत फिरेल. आणि घरी तो बाप भाबडेपणाने हात बघून खूश होत असेल. त्यालाही फसवणंच झालं.

तेव्हा असं कर. ओरडू नकोस. सगळ्या वर्गासमोर त्याला नळापाशी ने, साबण लाव, हात स्वच्छ धू, पुसून दे. एक शब्द बोलू नकोस. ज्याने चिमणी दिली त्याला दुसऱ्या दिवशी चिमणी नाही. एकदाच करावं लागेल. मी एकदा केलं होतं आणि पुढे तो प्रश्न कधी आला नाही.

तुला जड जाईल. जाऊ दे. शिक्षकाचं निम्मं काम स्वतःला जड जाईल तेच असतं.

इथे सगळं ठीक. शेजारणीची मांजर माझ्या अंथरुणात व्याली, आता चार पिल्लं आणि मी.

आशीर्वाद आहेतच, हिंमत तुझी तू आण.

तुझी,
आत्या


९ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. सोमवारी.

मला वाटलं होतं पोरं हसतील, नाहीतर तो रडेल. दोन्ही झालं नाही. मी त्याचा हात धरून नळापाशी नेला तेव्हा तो मुकाट आला. साबण लावल्यावर मात्र हात मागे ओढला, जोरात ओढला, आणि त्याच्या अंगात एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं. मी धरून ठेवला. शाई जाईपर्यंत चोळला. सगळा वर्ग बघत होता.

मग वकीलीणबाई पुढे आली. म्हणाली, की बाई, उद्या आम्हाला कुणालाच चिमणी देऊ नका, पण आज याला एक द्या. मी म्हटलं, काम केलं की मिळेल. ती म्हणाली, त्याला इथे नको आहे, त्याला दाराशी लागते. मी विचारलं, कुठल्या दाराशी. तर ती माझ्याकडे अशी बघत राहिली, की एवढंही हिला कळत नाही. मला वाटलं, लहान मुलं बोलतात तसं काहीतरी. तिकीट लागतं तशी घरात शिरायला चिमणी. मी नियम म्हणजे नियम म्हटलं आणि तिला जागेवर बसवलं. पैलवानाने स्वतःच्या हातावर शिल्लक होती ती चिमणीही पुसून टाकली, मला दाखवून.

घंटा झाली तेव्हा घुम्या उठेना. उठवलं तर धुतलेला हात सदऱ्याच्या आत घालून चालायला लागला. त्यानंतर तो शाळेत आलेला नाही. ताप असेल. हवा बदलली आहे, निम्मा वर्ग शिंकतोय.

आत्या, मी बरोबर केलं ना? तू म्हणालीस जड जाईल. पण हे जड जाणं नव्हे, हे काहीतरी दुसरंच आहे.

मांजरीच्या पिल्लांची नावं कळव. लोभ ठेव.

तुझी,
टिटवी


१५ ऑक्टोबर

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

बरोबर केलंस. पहिल्यांदा सगळ्यांनाच असं होतं. पाच वर्षांचं पोर एक दिवस रुसतं, तिसऱ्या दिवशी विसरतं. तूच धरून बसशील.

दाराशी लागते हे बोलणं मात्र मला आवडलं नाही. का ते सांगता येत नाही. तो परत आला की मला लगेच कळव.

पिल्लांना नावं ठेवली नाहीत. नाव ठेवलं की ठेवून घ्यावी लागतात.

लोभ आहे तसाच.

तुझी,
आत्या


२२ ऑक्टोबर

आत्या,

नमस्कार वगैरे आज राहू दे.

तो परत आला. लांब बाह्यांचा सदरा, एवढ्या उकाड्यात. डावा हात पोटाशी धरलेला. दप्तर पैलवानाने घेतलं, पाटी एकीने काढून दिली, आणि त्याला नळापासच्या बाकावर बसवलं, कारण तिथे भिंतीला टेकता येतं. हे सगळं त्यांनी मला न विचारता केलं. मी काही विचारायला गेले की सगळी पाटीत डोकं घालायची.

मधल्या सुट्टीत मुलं घर-घर खेळत होती. रोज खेळतात, मी कधी बघितलं नव्हतं, तेवढ्या वेळात मी चहा पिते. वकीलीणबाई बाप झाली होती. बाकाच्या दोन टोकांत दार केलं होतं आणि ती दारात उभी. घुम्या समोर आला. तिने हात पुढे केला, त्याने आपला दिला. ती वाकून बघायला लागली, डोळ्यांपुढे बोटांचा चष्मा करून. मग म्हणाली, चिमणी आहे, ये आत. दुसऱ्यांदा म्हणाली, चिमणी नाही, चल मोरीत. आणि त्याला दाखवून दिलं, की मोरीत गेल्यावर डोकं कसं झाकायचं आणि भिंतीकडे कसं वळायचं. आत्या, ती त्याला सराव देत होती. बाकीची पोरं गंभीरपणे बघत होती, मी गणित शिकवते तेव्हा अशी कधी बघत नाहीत.

मी त्याची बाही वर केली. काय दिसलं ते लिहीत नाही. कमरेचा पट्टा असावा. चामडं कुठे संपलं आणि बक्कल कुठे लागलं हेसुद्धा कळत होतं.

मला कुणीच काही सांगितलं नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही. तिने सांगितलं होतं. नळापाशी उभं राहून, सरळ मराठीत. पहिल्या आठवड्यातच यांना कळलं असणार, तो खेळताना हात वर करेना म्हणून. त्यांनी विचार केला, की याला काय लागतं. चिमणी लागते. मग ती कुठून मिळेल. झालं. आणि मी शिकलेली, प्रशिक्षण घेतलेली, त्यांच्या पाळ्या मोडून काढल्या. त्या साबणाचा वास माझ्या हाताला अजून येतोय. साबण तुझा होता आत्या, हे म्हटल्याशिवाय मला राहवत नाही. राग मानायचा तर मान.

मोठ्या बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, की खात्री आहे का. म्हणाल्या, की खिडक्यांचा खर्च त्या गृहस्थांनी केला आहे. म्हणाल्या, की माझी नोकरी अजून कायम झालेली नाही. तिन्ही गोष्टी एका दमात.

आजपासून मी सगळ्यांना चिमणी देते. लिहिलं तरी, नाही लिहिलं तरी.

टिटवी


२७ ऑक्टोबर

आत्या,

तुझं उत्तर अजून नाही. रागावलीस हे उघड आहे. पण आजची गोष्ट तुला सांगितल्याशिवाय मला झोप यायची नाही.

चष्मेवाले आज शाळा सुटताना स्वतः आले. फाटकाशी त्यांनी बाकीच्या मुलांचे हात बघितले असावेत. आत येऊन हसत म्हणाले, की बाई, हल्ली सगळेच हुशार झालेत वाटतं. मग सर्वांना मिळणाऱ्या गोष्टीची किंमत काय, असं विचारलं. म्हणाले, हरकत नाही, मी घरी पाटी बघत जाईन.

मला राहवलं नाही. मी बोलले, आत्या. पहिल्यांदा आयुष्यात माझा आवाज कापला नाही. मी म्हटलं, की मला सगळं ठाऊक आहे. मी त्याचा हात बघितलाय. मुलाला मारणं हा गुन्हा आहे आणि पुन्हा एक वळ दिसला तर मी गप्प बसणार नाही. सगळं स्पष्ट, तोंडावर. तो माणूस ऐकून घेत राहिला. चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा लावला. चेहरा पडला होता. मग म्हणाला, की आभारी आहे, आजवर कुणी असं सांगितलं नव्हतं. आणि मुलाचं बोट धरून गेला.

मन कसं हलकं झालं. आज मी बाई झाले असं वाटलं. तुझ्या सगळ्या नियमांच्या बाहेर जाऊन झाले.

वकीलीणबाई दारामागे उभी होती. तिला न्यायला आजी उशिरा येते. मला वाटलं ती खूश होईल. तिने एवढंच विचारलं, की तुम्ही त्यांना का सांगितलं. मी म्हटलं, म्हणजे ते परत मारणार नाहीत. ती चप्पल घालून बाहेर जाऊन बसली, आज माझा हात धरून आली नाही. मोठी माणसं बोलतात त्याची पोरांना भीती वाटते.

हे पत्र आत्ताच कोपऱ्यावरच्या पेटीत टाकते. आता तरी रुसवा सोड.

टिटवी


२८ ऑक्टोबर

चि. टिटवीस,

तुझं बावीस तारखेचं पत्र वाचलं. रागावले नाही. रागवायला तोंड कुठे आहे मला.

बाकीचं मग. आधी हे वाच आणि असंच्या असं कर. त्या माणसाला एक अक्षर बोलू नकोस. तुला ठाऊक आहे हे त्याला कळता कामा नये. तू बोललीस तर तुझं मन मोकळं होईल आणि पोर त्याच्याबरोबर घरी जाईल. घरचं दार लागल्यावर तू तिथे नाहीस. आधी आईला गाठ, बाजारात, दवाखान्यात, कुठेही, तो नसताना. तिचं माहेर कुठे आहे ते विचार. डॉक्टरला हात दाखव आणि लिहून घे. पोलिसात जायचं तर मूल दुसऱ्या घरी पोचल्यावर जा. तोवर चिमणी दे, उलटी दे, सुलटी दे, हसून बोल त्या माणसाशी.

ती मुलं दोन महिने हेच करत होती. सगळं ठाऊक असून कुणाला काही कळू दिलं नाही. तू त्यांच्या मागे चाल.

मी तिकीट बघते. गुडघ्यांचं काही सांगू नकोस.

आत्या


१ नोव्हेंबर

आत्या,

तुझं पत्र आज मिळालं. मी सत्तावीसलाच बोलून बसले होते. माझं पत्र तुला मिळालं असेल.

त्याच रात्री झालं. शेजाऱ्यांनी दार फोडलं. डाव्या हाताचं हाड दोन ठिकाणी मोडलंय आणि डाव्या कानाने ऐकू येत नाही. डॉक्टर म्हणतात येणार नाही. आई त्याच्याजवळ आहे, तिच्याही कपाळाला टाके. बाप कोठडीत आहे. त्याने पोलिसांना सांगितलं, की शाळेतल्या बाईंनी माझा अपमान केला.

मोठ्या बाईंनी मला बोलावून कागद पुढे ठेवला. शाळेला काही माहीत नव्हतं असं सगळ्यांनी लिहून द्यायचं आहे. मला तारीख आणि सही तेवढी करायची आहे. उद्यापर्यंत.

वर्गात कुणी काही विचारत नाही. त्यांना ठाऊक आहे. मी खोलीत शिरले की ती बोलायची थांबतात, शिक्षा होते म्हणून नाही. मला काही कळलं तर मी ते कुणाला तरी सांगेन म्हणून.

टिटवी


४ नोव्हेंबर

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद. आज खरोखरचे.

अप्पाकडून तुला निरोप मिळालाच असेल, की त्या कागदावर सही करू नकोस. केली असलीस तर जाऊन फाड. आणि स्वतः लिही. पहिल्यापासून. त्याच्या हातावर उलटी चिमणी होती इथपासून. हात धुतला तेही. साबण कुणी लावायला सांगितला तेही, माझ्या नावासकट, तीस वर्षांच्या नोकरीसकट. मला बोलवतील तिथे मी येऊन सांगेन. डॉक्टर प्रवास नको म्हणतो, त्याला म्हणावं तुझं तू बघ.

माझ्याकडे इतकी वर्षं इतकी पोरं त्या चिमणीसाठी जीव टाकायची, आणि मी म्हणायचे, बघा कशी गोडी लागली आहे अभ्यासाची. आता त्यावर विचार करत बसत नाही. बसले तर उठता येणार नाही.

तू म्हणतेस पोरं गप्प बसतात. बसू देत. त्यांनी तुझ्यावर विश्वास ठेवायचं कारण काय आहे? तू काही समजावू नकोस, माफीही मागू नकोस, ती तुझ्या सोयीची असते. त्यांना काय लागतं ते बघ आणि ते दे. खडू लागला तर खडू.

नोकरी जाईल. जाऊ दे. घरात दोन माणसांचं भागतं, आणि चार मांजरांचं.

तुझी,
आत्या


२५ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू येऊन जबानी देऊन गेलीस त्याला आठवडा झाला. पोलिसांनी बसायला स्टूल दिलं तर तू त्यांना खुर्ची आणायला लावलीस, हे इथे अजून सांगतात. पोचल्याचं तुझं पत्र आलं. गुडघे सुजले आहेत हे त्यात लिहिलं नाहीस, अप्पांनी लिहिलं.

मी सही केली नाही, तेव्हा मला महिनाअखेरपर्यंतच यायला सांगितलं आहे. नवीन बाई ठरल्या. मी त्यांना वर्ग दाखवला, नळाखालची बादली दाखवली, आणि मधल्या सुट्टीत चहाला जाऊ नका एवढं सांगितलं. त्यांना मी चमत्कारिक वाटले असेन. शिक्का मी बंदच केलाय, आणि कुणी मागितलाही नाही.

परवा त्याला भेटायला गेले. आई त्याला घेऊन मामाकडे आहे, इथून बसने दोन तास. जायच्या आधी मी वकीलीणबाईला विचारलं, की तिथे गेल्यावर मी काय बोलू. बरेच दिवसांत ती माझ्याशी धड बोलली नव्हती. तिने विचार केला. म्हणाली, काही बोलू नका, आणि ज्या कानाने ऐकू येतं त्या बाजूला बसा. मग पैलवानाने त्याच्यासाठी दिलेला खडूचा तुकडा माझ्या हातात ठेवला.

मी तशीच बसले, उजव्या बाजूला. अंगणात बाजेवर तो होता, हात प्लास्टरमध्ये. खडू घेतला आणि मुठीत ठेवला. आत त्याची आई भांडी घासत होती आणि मामी तिला सांगत होती, की किती दिवस राहणार ते एकदा ठरव.

मग तो बोलला. आत्या, मी त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला. थोडा घोगरा आहे. त्याने विचारलं, की बाबा कधी येणार. मी म्हटलं, मला ठाऊक नाही. तो म्हणाला, त्यांना सांगा, मला आता पन्नासपर्यंत येतं. आणि म्हणून दाखवायला लागला. एकेक आकडा, सावकाश, माझ्या तोंडाकडे बघत. बत्तीस, तेहतीस, चौतीस, छत्तीस. तिथे थांबला. त्याला कळलं की चुकलं. त्याने माझ्या हाताकडे बघितलं, मान खांद्यात घातली, आणि प्लास्टरचा हात डोक्यावर घेऊन भिंतीकडे वळला.

मी हलले नाही. हात मांडीखाली घातले, म्हणजे त्याला दिसू नयेत. आणि पुढचा आकडा म्हटला, सदतीस. थोड्या वेळाने तो भिंतीकडे तोंड करूनच अडतीस म्हणाला. मग एक मी, एक तो, असं करत आम्ही पन्नासला पोचलो.

पन्नास झाल्यावर तो वळला आणि मला बजावलं, की बाबांना सांगा, एकही चुकला नाही. मी हो म्हटलं.

लोभ असू दे. सल्ला नको.

तुझी,
टिटवी